लेक पोटुशी, नातू अबोल, नात वयात येतेय: किती थांबायचं आणि कुठे नाही

नागपुरात महालात राहणाऱ्या एका काकूंचा प्रश्न थोडक्यात असा. लेकीला पाचवा महिना चालू आहे, सातव्यात ती बाळंतपणाला माहेरी येईल. धाकट्या मुलाचा मुलगा वीस महिन्यांचा. धावतो, सोफ्यावर चढतो, पण 'मम्म' सोडून एक शब्द नाही. 'त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. मोठ्या मुलाची मुलगी साडेनऊ वर्षांची. न्हाऊ घालताना तिच्या डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली आणि तेव्हापासून सगळ्यांची झोप उडाली आहे. एक शेजारीण म्हणते थांबा, दुसरी म्हणते आजच सोनोग्राफी करा. काकूंचं म्हणणं, 'मूल पोटात असल्यापासून वयात येईपर्यंत कधी काय व्हायला पाहिजे, ते एकदा नीट सांगून टाका.'

काकू, तुमच्या घरात काळजी भलत्याच नातवंडाची चालली आहे. नातीची ती गाठ बहुतेक वयात येण्याची पहिली खूण आहे. साडेनऊ हे त्यासाठी अगदी ठीक वय आहे, एकाच बाजूला आधी लागणं हेही नेहमीचं. थांबायचं नाही ते नातवासाठी. याच आठवड्यात त्याचे कान तपासून घ्या. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर सांगते. पण पुढचं वाचायचं राहून गेलं तरी एवढं करा.

वाढीबद्दल एक गोष्ट पक्की धरून ठेवा: क्रम ठरलेला असतो, वेळ सैल असते. बाळाच्या अंगात ताकद डोक्याकडून पायाकडे उतरते. आधी मान सावरते, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. हातातही तसंच, आधी खांद्यापासून अख्खा हात मारणं, मग मुठीत पकडणं, आणि नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जमिनीवरचा मुरमुरा उचलणं. हा क्रम कुठलंही बाळ उलटा करत नाही. पण वेळ किती सैल? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी, नीट खाऊ-पिऊ घातलेल्या मुलांचा अभ्यास केला. त्यात आधाराशिवाय बसणं साधारण चार ते सव्वानऊ महिन्यांत कधीही आलं, आणि एकट्याने चालणं सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांत कधीही. म्हणजे शेजारचा चिंटू दहाव्या महिन्यात चालला आणि तुमचा पंधराव्यात, तर दोघेही ठीक. पण ही सैल वेळसुद्धा कुठेतरी संपते. अठरा महिने पूर्ण झाले आणि पाऊल टाकलं नाही, तर 'चालेल हळूहळू' हे वाक्य घरातल्या कुणीही बोलू नये. हिंडण्या-फिरण्याच्या बाबतीत ही मुदत बरीच लांब आहे, ऐकण्या-बोलण्याच्या बाबतीत आखूड. आपल्याकडे लोक नेमकं उलट वागतात. चालायला महिनाभर उशीर झाला की दवाखान्यात येतात, आणि बोललं नाही की दोन-दोन वर्षं वाट बघतात.

आता लेकीकडे येऊ. गर्भारपणातलं फार मोठं काम पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्या सुमारासच उरकलेलं असतं. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते. तेवढ्या दिवसांत कित्येक बायकांनी टेस्टही केलेली नसते. ही नळी नीट मिटली नाही तर मणक्यावर फुगा येतो किंवा कवटीच बनत नाही. म्हणून फोलिक अॅसिडची गोळी मूल हवं असं ठरलं की लगेच, रोज ४०० मायक्रोग्रॅम, सुरू करायची असते. तुमच्या लेकीच्या बाबतीत ती वेळ गेली; पण धाकट्या सुनेला दुसरं मूल हवं असेल तर तिला आजच सांगून ठेवा. गर्भधारणेनंतर आठ आठवडे होईपर्यंत बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते. पुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि पक्कं होण्याचे. म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांत कुठलंही औषध, अगदी घरगुती काढासुद्धा, मनाने घेऊ नये.

पाचव्या महिन्यात तिला बाळाची हालचाल जाणवू लागली असेल. पहिलटकरणीला ती अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान कळते. सहाव्या महिन्यात बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं आणि परक्या बाईच्या आवाजापेक्षा त्याच्याकडे जास्त ओढ घेतं, हे १९८० साली प्रयोगाने दाखवून झालं आहे. पण म्हणून पोटाला हेडफोन लावू नका. गर्भसंस्काराच्या नावाने हजारो रुपयांचे कोर्स विकले जातात; त्यांनी बाळ हुशार निघतं असं मला तरी आजवर कुठे दिसलेलं नाही. आई मजेत असावी, तिने गाणी ऐकावीत, ओव्या म्हणाव्यात, त्यात आनंदच आहे. फक्त ते पैसे तिच्या ताटात गेले तर बाळाला जास्त मिळेल.

ताटाचं म्हणते त्याला आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्या आतच, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. पण हाताच्या काड्या दिसणाऱ्या आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त टिकून होती. मोठेपणी आपल्याकडे मधुमेह लवकर का गाठतो, त्याचं एक मूळ इथे असावं असं ते मांडतात. आणि त्याच अभ्यासात ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. तेव्हा लेकीला मेथी, चवळी, आंबाडी, भाजीवर मूठभर सांबार (कोथिंबीर), आणि जेवणानंतर एक संत्रं द्या. संत्र्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर चहा दिला तर ते लोह वाया जातं, आणि लोहाची गोळीही चहासोबत घ्यायची नसते. गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची, रोज एक, किमान १८० दिवस. शौचाला काळं होतं म्हणून निम्म्या बायका ती उशीखाली ठेवतात. काळं होणं म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

विदर्भात आणखी एक तपासणी वगळून चालत नाही, ती सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. लेक आणि जावई दोघांचीही करा, आणि लगेच करा. वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःला काही कळत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तसं निघालं तर पुढे काय करता येतं हे सोनोग्राफी आणि जनुकीय तपासणी करणारे डॉक्टर सांगतील, पण त्यासाठी हातात आठवडे लागतात. 'आमच्यात नाही तो आजार' असं सांगून तपासणी टाळणारी सुशिक्षित घरं मी भरपूर पाहिली आहेत. आजार असलेलं बाळ पहिले पाच-सहा महिने छान वाढतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असतं. मग एक दिवस हातापायाची बोटं सुजून टम्म होतात, हात लावला की बाळ कळवळतं, आणि घरचे म्हणतात काहीतरी चावलं.

बाळ आलं की पहिल्या आठवड्यात त्याचं वजन घटतं. दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, दहा-चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत येतं. नेमकं याच दिवसांत 'आईला दूध पुरत नाही' अशी आवई उठते आणि पावडरच्या दुधाचा डबा येतो. मग पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट. पन्नास सेंटिमीटरचं बाळ वर्षात पाऊणशेचं होतं. असा वेग आयुष्यात पुन्हा कधी येत नाही, वयात येतानाही नाही. डोक्याचा घेर या एका वर्षात साधारण बारा सेंटिमीटर वाढतो आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन, यावरून मेंदूची घाई कधी असते ते कळेल. म्हणून वजनकाट्यापेक्षा मी डोक्याची टेप आधी काढते.

न्हाऊ घालणाऱ्या बाईला काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. मालिश खुशाल करू दे. त्यात आईचा किंवा आजीचा हात असेल तर उत्तमच. टाळूवर तेलाचा हात फिरवायलाही हरकत नाही. ती टाळू तेलाने भरून येत नाही, ती हाडं जुळून नऊ ते अठरा महिन्यांत आपोआप मिटते. खोल गेलेली टाळू दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय, रडत नसतानाही फुगलेली दिसली आणि ताप असेल तर तडक दवाखाना. पण नाकाकानात तेल सोडणं बंद, नाकातलं तेल फुप्फुसात जातं. आणि मुलगा असो की मुलगी, जन्मल्यावर काही दिवस छाती सुजलेली दिसते, कधी दुधाचा थेंबही येतो. आईच्या हार्मोन्सचा तो परिणाम. बाया ते पिळून काढतात. त्यातून पू झालेली बाळं माझ्याकडे येतात, तेव्हा कुणाला हात लावू देऊ नका. मधात उगाळलेली गुटी वर्षाच्या आत नको, मधातून बोट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो.

बाळंतपण भर उन्हाळ्यात येत असेल तर एक वाद घरात होणार हे धरून चाला. नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकला की प्रत्येक आजीला वाटतं, चमचाभर पाणी दिलं तर काय बिघडलं. सहा महिन्यांपर्यंत पाणी नको. आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. बाळ उन्हाळ्यात जास्त वेळा प्यायला मागेल, तेवढ्या वेळा पाजा आणि पाणी आईला द्या. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर बाळाला पुरतंय. बाळ कमी दिवसांचं असेल, म्हणजे समजा दोन महिने आधी आलं, तर दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करून हिशेब करायचा. हे न केल्यामुळे कितीतरी चांगली मुलं 'मंद' ठरवली जातात.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं, आणि ते लांबवायचं नाही. जन्मतः आणलेला लोहाचा साठा याच सुमारास संपतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्ताने कमी निघाली, आणि त्याची सुरुवात या पातळ वरणाच्या पाण्याच्या काळात होते. वरणाचं पाणी नको, वरणच द्या, भाताशी मऊ कुस्करून, वर तुपाचा थेंब. खात असाल तर अंडं, मासे, मटणाचा मऊ शिजवलेला कुस्करा तेव्हापासून चालतो.

रांगण्याबद्दल आया फार विचारतात. काही मुलं रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि थेट उभी राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात सुमारे चार टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगली नाहीत, तरी वेळेत चालली. चालवण्यासाठी चाकांचा, बाळाला आत बसवायचा वॉकर मात्र आणू नका. त्यात मूल पायाच्या बोटांवर ढकलतं, स्वतःचा तोल सावरायला शिकत नाही, आणि उंबऱ्यावरून, जिन्यावरून डोक्यावर पडतं. कॅनडाने तर २००४ पासून त्यांची विक्रीच बंद केली. त्यापेक्षा आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्यात मूल उभं राहून स्वतःच्या वजनाने गाडा ढकलतं, थकलं की खाली बसतं. मात्र तोही आपल्या नजरेसमोर.

आता नातवाचं.

बोलणं तोंडातून सुरू होत नाही, कानातून आणि डोळ्यातून सुरू होतं. दीड-दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसतं, तोंडातल्या तोंडात आ-ऊ करतं. सहा महिन्यांच्या पुढे 'बाबाबा', 'दादादा'. आठ-नऊ महिन्यांत परका माणूस दिसला की रडतं. लोक लाजतात त्याला, पण मला ते रडणं ऐकून बरं वाटतं, कारण आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळायला लागलेलं असतं. त्याच सुमारास रुमालाखाली लपवलेला चमचा ते शोधतं. त्याआधी नजरेआड झालेली वस्तू त्याच्या लेखी संपलेली असते. वर्षाच्या आसपास टाटा, नमस्ते, बोट दाखवून मागणं, आणि एखादा अर्थाचा शब्द. दीड वर्षाला दहा-बारा शब्द. दोन वर्षांना पन्नासच्या आसपास, आणि दोन शब्द जोडून 'बाबा भुर्र', 'दूदू दे'. वर्षाला बडबड नाही, हातवारे नाहीत. सोळा महिन्यांना एक शब्द नाही. दोन वर्षांना दोन शब्दांची जोड नाही. यातलं काहीही असेल तर दाखवायचं. आणि आलेले शब्द गेले तर कुठल्याही वयात, त्याच दिवशी.

तुमचा नातू वीस महिन्यांचा आहे आणि एकच शब्द आहे. बाप उशिरा बोलला असेलही. काही घरांत तसं असतं. पण ते निदान शेवटी करायचं असतं, बाकी सगळं तपासून झाल्यावर. पहिला संशय कानांवर. तुम्ही म्हणाल, मागून ताट वाजवलं तर वळून बघतो. सगळे आईबाप हीच परीक्षा घेऊन येतात आणि ती फसवी आहे. ताटाचा आवाज मोठा, शिवाय मूल सावलीने आणि हवेच्या हालचालीनेही वळतं. मध्यम बहिरेपण असलेल्या मुलाला दाराचा धक्का ऐकू येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते. ऐकू येत नाही ते 'स', 'त', 'फ'. त्याच्यासाठी आपलं बोलणं म्हणजे बंद दाराआडून येणारा पुसट आवाज. कानाची ओएई ही पहिली चाळणी तपासणी पाच-दहा मिनिटांची असते; त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. बेरा झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका. खरं तर ही तपासणी बाळ महिन्याचं व्हायच्या आत, दोष असेल तर त्याचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्याच्या आत सुरू, असा नियम आहे. लेकीच्या बाळासाठी तेवढं लक्षात ठेवा. प्रसूती जिथे होईल तिथून सुट्टी घ्यायच्या आधी विचारा, 'कान तपासले का?'

कान ठीक निघाले तर मी काही गोष्टी बघते. नावाने हाक मारली की वळतो का, दर वेळी नाही तरी बहुतेक वेळा? खिडकीतून विमान दाखवलं तर तुमच्या बोटाकडे बघतो की बोट दाखवतंय तिकडे? स्वतःला काही आवडलं तर तुम्हाला दाखवायला आणतो का? गाडी जमिनीवर चालवतो की उलटी करून चाकच फिरवत बसतो? शब्द नसतील, पण बोट दाखवून, ओढून नेऊन, डोळ्यांत बघून सगळं समजावत असेल आणि आपण सांगितलेलं समजत असेल, तर माझी काळजी अर्ध्याहून कमी होते. हे सगळं नसेल तर आम्ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) प्रश्नावली भरून घेतो. ती अठरा आणि चोवीस महिन्यांना प्रत्येकच मुलाची भरावी. दवाखान्यात मुलं बुजतात, म्हणून घरी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन या.

दोन भाषांना दोष देऊ नका. नागपुरात घरोघरी आजी मराठी, आई अर्धी हिंदी, आणि टीव्ही पूर्ण हिंदी. त्याने बोलणं अडत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. 'पाणी' एका भाषेतला आणि 'गाडी' दुसऱ्या भाषेतला असं करत बसू नका. भाषा अडते ती बोलणाऱ्या माणसाशिवाय. मोबाइलवरची गाणी मूल पाठ म्हणतं आणि तहान लागली तर रडून दाखवतं, अशी मुलं आता दर आठवड्याला दिसतात. गाणं ऐकताना त्याला कुणी उत्तर देत नाही, म्हणून त्यातून बोलणं येत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ साली सांगितलंय: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, व्हिडिओ कॉल सोडून, दोन ते पाचला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही मोठ्यांसोबत बसून. मी एवढंच विचारते की जेवताना मोबाइल लागतो का? लागत असेल तर तो आधी सोडवा. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेईल, उपाशी राहणार नाही.

घरी काय करायचं? त्याच्या उंचीवर खाली बसा. तो ज्याकडे बघतो त्याचं नाव घ्या, छोटं वाक्य करा आणि थांबा. थांबणं जमत नाही आपल्याला. तो 'अं' म्हणायच्या आत पेला हातात. पेला हातात धरून पाच आकडे मनात मोजा. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला चेंडू त्याला मागावा लागू दे. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. अंगणवाडीत चौकशी करा.

दोन ते सहा वर्षांत आयांची एकच तक्रार, खात नाही. पहिल्या वर्षात सहा किलो वाढलेलं मूल आता वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. त्याची भूक खरोखरच कमी झालेली असते. उंचीचा आलेख आपल्या रेषेवर सरकत असेल तर टॉनिक लिहून मागू नका. रागाने जमिनीवर लोळणं दीड ते तीन वर्षांत नेहमीचं. दिवसाची शू अडीच-तीनपर्यंत सांभाळली जाते, रात्रीची पाच वर्षांपर्यंत सुटली तरी चालतं. त्यावरून पाहुण्यांसमोर हसू नका.

मला जास्त भांडावंसं वाटतं ते नर्सरीतल्या लिखाणावर. मूल तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्या वर्षी चौकोन, पाचव्या वर्षी त्रिकोण. तिरप्या दोन रेषा टोकाला जुळवणं हाताला आणि डोळ्याला त्याआधी झेपतच नाही. आणि आपण साडेतीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघी वहीत 'अ' गिरवून घेतो, ज्यात गोल, आडवी, उभी सगळंच आलं. मनगटातली छोटी हाडं अजून बनतायत. त्याला कणकेचा गोळा द्या, मटारच्या शेंगा सोलायला द्या, वाळूत रेघोट्या मारू द्या. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा ठेवलंय ते उगाच नाही. विचारही या वयात वेगळा चालतो. चार वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक ओता, मग एकातलं उंच, अरुंद पेल्यात ओता. तो शपथेवर सांगेल की उंच पेल्यात जास्त आहे. सहा-सातच्या पुढे तोच मुलगा हसून म्हणेल, 'तेवढंच तर आहे.' मधल्या काळात त्याला कुणी हे शिकवलेलं नसतं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी गोष्ट असू शकते हेही चारच्या आसपास कळतं. म्हणून पचेल असं खोटं साधारण तेव्हाच बोललं जातं. मारू नका, मेंदू वेळेवर चाललाय.

सहा ते दहा ही वर्षं त्या मानाने शांत. उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढली पाहिजे. चारच्या खाली गेली तर तपासणी. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करा, कुठल्याही अॅपपेक्षा ती उपयोगी पडते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. काही पडलेलं नसतं, त्यामुळे घरचे तिला दुधाची समजतात, किडू देतात. ती जन्मभराची आहे.

आणि आता तुमची नात. मुलींमध्ये आठ ते तेरा या वयात कधीही छातीत ही कळी येते. एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. दुखते, धक्का लागला की कळ येते. दाबू नका, शेकू नका, आणि कुणी 'काढून टाकू' म्हटलं तर तिथून उठा. ती कळी काढली तर त्या बाजूचा स्तन वाढतच नाही. लाल झाली, गरम लागली, त्यातून पाणी आलं, तरच दाखवा. आठ वर्षांच्या आत आली असती तर मी लगेच बोलावलं असतं. इथून पुढे तिची उंची झपाट्याने वाढेल, भर वेगात वर्षाला आठ सेंटिमीटरपर्यंत, आणि पाळी साधारण दोन ते अडीच वर्षांनी येईल. पाळी आल्यावर उंची फार तर पाच-सात सेंटिमीटर वाढते. त्यामुळे 'पाळी आली, आता उंचीचं औषध द्या' म्हणून येणाऱ्यांना मी फारसं काही देऊ शकत नाही. खाणं, खेळ, झोप यांची वेळ आत्ता आहे.

तिला हे सगळं आत्ताच सांगा. शाळेत एकटीवर प्रसंग आला आणि काय होतंय तेच कळलं नाही, असं होऊ देऊ नका. पॅड दाखवा, कसं लावायचं, गुंडाळून कुठे टाकायचं ते दाखवा, दप्तरात एक ठेवून द्या. पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, हेही सांगा. आई बोलायला संकोचत असेल तर तुम्ही बोला. आजीशी मुली जास्त मोकळेपणी बोलतात. आणि आता तिची आंघोळ तिलाच करू द्या. नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस घ्यायची असते, पुढच्या भेटीत विचारा. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी लोहाची गोळी तिने घ्यावी, उपाशीपोटी नको एवढंच.

मुलग्यांत हे सगळं नऊ ते चौदात सुरू होतं आणि सुरुवात कुणाच्या नजरेला दिसत नाही. आधी वृषणं वाढतात, आवाज फुटणं आणि मिसरूड बरंच नंतर. म्हणून घरच्यांना वाटतं मुलगा एकदम मोठा झाला. या वयात मेंदूतला भावनेचा भाग आधी तापतो आणि थांबवणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. बुद्धी कमी नसते, मित्र बाजूला बसले की ब्रेक लागत नाही. गाडीची चावी देताना हे आठवा. झोपेचं घड्याळही दोनेक तास पुढे सरकतं. रात्री अकराच्या आधी झोप येत नाही आणि पहाटे साडेपाचला क्लास; आठ ते दहा तास झोप लागणाऱ्या मुलाला साडेपाच-सहा तास मिळतात, आणि मग पाठांतर राहत नाही म्हणून तक्रार. आळशी म्हणण्याआधी वेळापत्रक तपासा.

मुलीला तेरापर्यंत छातीत काहीच बदल नाही, पंधरापर्यंत पाळी नाही, मुलग्याला चौदापर्यंत काहीच खूण नाही, तर दाखवायचं. सिकल सेल असलेल्या मुलांत हा उशीर नेहमी दिसतो, त्यांचं वजन आणि हिमोग्लोबिन आधी सांभाळावं लागतं. बाकीच्यांत पुष्कळदा घराण्याचाच प्रकार निघतो. बापही कॉलेजात गेल्यावर वाढलेला असतो. अशा मुलाच्या डाव्या मनगटाचा आम्ही एक्स-रे काढतो. चौदाव्या वर्षी हाडांचं वय बारा निघालं, तर त्याच्या उंचीला अजून बराच वाव आहे. त्याला पावडर लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. आईबापांची उंची लिहून घेतो, त्यांच्या सरासरीवरून अंदाज सांगतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलावतो.